समज कमी कोणाची?

आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. लग्न नवव्या वर्षीच झालं होतं. मुलगा जेमतेम दहा दिवस जगला आणि त्या दुःखानं त्यांना डॉक्टर होण्याच्या वाटेवर नेलं. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत, त्या गेल्या. शाळेच्या पुस्तकांत त्या आपल्याला पहिल्या महिला डॉक्टर म्हणून भेटतात. कोवळ्या वयात लादलेलं बाळंतपण सोसलेली आणि मग बाळंतपणाचाच अभ्यास करायला सातासमुद्रापार गेलेली मुलगी म्हणून त्यांची ओळख कुणी करून देत नाही.

त्याला आता एकशेचाळीस वर्षं होत आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यानुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या ६.८ टक्के मुली पाहणीच्या वेळी आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या. महाराष्ट्राचा आकडा आहे ७.६ टक्के. स्वतःला पुढारलेलं म्हणवणारं आपलं राज्य इथं देशाच्या सरासरीच्याही मागे आहे. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झाल्याचं आढळलं. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के होतं आणि बीडमध्ये ४४च्या घरात. शिक्षणाशी या साऱ्याचा संबंध थेट दिसतो. देशभरात शाळेत न गेलेल्या मुलींमध्ये किशोरवयीन मातृत्वाचं प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास आहे, तर बारावीपर्यंत किंवा पुढे शिकलेल्यांमध्ये ४ टक्क्यांच्या आसपास.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की आपल्या मनातलं नेहमीचं चित्र बदलावं लागतं. किशोरवयीन गरोदरपण म्हटलं की आपल्याला आठवते ती शहरातली मुलगी, तिच्या हातातला मोबाइल, कॉलेजातला मित्र आणि 'पाऊल वाकडं पडलं' म्हणून कुजबुजणारी चाळ. अशा मुली आहेत, त्यांचे हाल खरे आहेत आणि त्यांच्याविषयी पुढे लिहितोच. पण संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत अठराच्या आतल्या मुलींची सुमारे ९० टक्के बाळंतपणं लग्न झालेल्या किंवा संसार मांडलेल्या मुलींची असतात. आपल्याकडेही मोठा हिस्सा तोच आहे. मांडव घालून, पत्रिका वाटून, चार लोकांच्या साक्षीनं घडवून आणलेलं हे मातृत्व आहे. तिथं अपुरी समज मुलीची नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

बीड, जालना, परभणीकडं पाहिलं तर निर्णय कसा होतो ते कळतं. ऊसतोडीला जोडीनं जावं लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघाल्या की गावात म्हातारी माणसं आणि पोरं उरतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला पाच-सहा महिने कुणाच्या भरवशावर ठेवायचं? फडावर न्यावी तर खोपीला दार नाही. अंघोळीला आडोसाही नाही. मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत, पण ती प्रामुख्यानं लहान इयत्तांसाठी. मुलगी आठवीच्या पुढे गेली, म्हणजे धोका वाढला, की नेमकी व्यवस्था संपते. अशा बापानं स्थळ पाहिलं तर त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. तो मुलीच्या सुरक्षिततेचा हिशेब मांडत असतो, फक्त त्या हिशेबात तिचं शरीर आणि तिचं पुढचं आयुष्य धरलेलं नसतं. लग्नानंतर वर्षभरात पाळणा हलला नाही तर सासरी बोलणी सुरू होतात. त्यामुळे 'पहिलं मूल लांबवा' हा सल्ला त्या मुलीपर्यंत पोचला तरी तो अमलात आणायचा अधिकार तिच्याकडं नसतो.

या वयातल्या बाळंतपणाचे वैद्यकीय धोके नवे नाहीत. मुलीची स्वतःची वाढ पुरी झालेली नसते, अंगात रक्त कमी असतं. रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका जास्त, बाळ कमी वजनाचं किंवा वेळेआधी होण्याचा धोकाही जास्त. जगभरात १५ ते १९ वयाच्या मुलींच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत गरोदरपणातली आणि बाळंतपणातली गुंतागुंत आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत या वयाच्या मुलींना २ कोटी १० लाख वेळा दिवस गेले आणि त्यातली निम्मी गर्भारपणं नको असताना आलेली होती.

मग किशोरवयीन समजेचा प्रश्न उरतच नाही का? उरतो, आणि गेल्या पंचवीस वर्षांत त्यावर बरंच काम झालं आहे. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांचा २००५ सालचा एक प्रयोग या विषयात वारंवार सांगितला जातो. १३ ते १६ वर्षांची मुलं, १८ ते २२चे तरुण आणि २४च्या पुढची माणसं अशा तीन गटांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की रेटायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. एकटे असताना तिन्ही गट साधारण सारखेच वागले. मित्र शेजारी बसवले तेव्हा किशोरांनी घेतलेला धोका दुपटीवर गेला, तरुणांचा निम्म्यानं वाढला आणि मोठ्यांच्या वागण्यात फरक पडला नाही. पुढे भारतासह ११ देशांतल्या ५ हजारांहून अधिक जणांवर झालेल्या अभ्यासातही असंच चित्र दिसलं. शांत डोक्यानं माहिती तोलायची, कारण-परिणाम जोडायची कुवत सोळाव्या वर्षाच्या सुमारास मोठ्यांइतकी होते. भावना उसळलेल्या असताना स्वतःला आवरायची, पुढचं पाहायची, मित्रांच्या दबावाला न बधण्याची ताकद मात्र अठराच्या पुढेही वाढत राहते. मेंदूतला बक्षिसाच्या ओढीचा भाग वयात येतानाच जोर धरतो आणि त्याला लगाम घालणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

कॉर्नेल विद्यापीठाच्या व्हॅलरी रेना यांनी आणखी एक गोष्ट दाखवली आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. आपण धरून चालतो की पोरांना धोका कळत नाही, म्हणून ती धोका पत्करतात. रेना यांच्या कामात दिसलं की पुष्कळदा किशोरवयीन मुलं धोका आहे त्याहून मोठा समजतात आणि तरीही तो पत्करतात. कारण ती तोलत बसतात. एका पारड्यात 'एकदाच तर' आणि 'तो सोडून जाईल' हे घालतात, दुसऱ्यात दिवस जाण्याची शक्यता. प्रौढ माणूस बऱ्याचदा असा हिशेब मांडतच नाही. काही गोष्टी करायच्याच नाहीत, हे त्याला आतून पटलेलं असतं. म्हणजे नुसती भीती दाखवून भागत नाही. भीती त्यांच्याकडं आधीच आहे. हवा असतो तो प्रसंग येण्याआधी, शांत डोक्यानं, विश्वासाच्या माणसाबरोबर केलेला विचार.

मेंदूच्या या संशोधनाचा आधार घेऊन 'या वयात समजच नसते, म्हणून बंदी घाला' असं म्हणणारे खूप आहेत. त्यांनी एक साधी गोष्ट पाहावी. डच मुलांचा मेंदू आणि अमेरिकी मुलांचा मेंदू वेगळा नाही. तरीही नेदरलँड्समध्ये किशोरवयीन मातांचं प्रमाण अमेरिकेच्या कित्येक पट कमी आहे. खुद्द अमेरिकेत १९९१ साली १५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागे ६१.८ जन्म होत होते. २०२३ मध्ये ते १३.१ वर आले. बत्तीस वर्षांत मेंदू काही बदलला नाही, त्याच्या भोवतीची माहिती, दवाखाने आणि शिक्षणाच्या संधी बदलल्या.

मुलांना सांगितलं तर ती बिघडतील, ही शंका प्रामाणिक पालकांनाही असते, म्हणून तिचं उत्तर नीट द्यायला हवं. युनेस्कोनं २००९ साली आणि सुधारून २०१८ साली जगभरच्या अभ्यासांचा ताळेबंद मांडून लैंगिकता शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. असं शिक्षण मिळालेली मुलं लवकर शरीरसंबंधांकडं वळतात, असं त्यात दिसलं नाही. संबंध आले तर काळजी घेण्याचं प्रमाण मात्र वाढतं. याच्या उलट टोकाचा प्रयोग अमेरिकेनं केला. लग्नापर्यंत संयम एवढंच शिकवायचं आणि गर्भनिरोधकांचं नाव काढलं तर ती किती फसतात हे सांगण्यापुरतंच, अशा कार्यक्रमांवर तिथल्या केंद्र सरकारनं वर्षानुवर्षं पैसा ओतला. संसदेनंच करवून घेतलेलं त्यांचं मूल्यमापन २००७ साली आलं. ज्यांना हे धडे मिळाले आणि ज्यांना मिळाले नाहीत, त्या दोन्ही गटांतलं पहिल्या संबंधाचं सरासरी वय अगदी सारखं निघालं, १४.९ वर्षं.

भीती दाखवण्याचा एक प्रयोग तर उलटाच अंगावर आला. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ भागातल्या ५७ शाळांमध्ये १३ ते १५ वर्षांच्या मुलींना रडणारी, दूध मागणारी यांत्रिक बाहुली शनिवार-रविवारसाठी सांभाळायला दिली. बाळाचा जाच कळला की मुली सावध होतील, ही कल्पना. विसाव्या वर्षापर्यंत त्यांचा माग ठेवला तेव्हा बाहुली मिळालेल्या गटात ८ टक्के मुली आई झालेल्या होत्या, न मिळालेल्या गटात ४ टक्के. गर्भपातही पहिल्याच गटात जास्त. २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास आला. बाहुली सांभाळताना मिळालेलं कौतुक आणि माया काही मुलींच्या मनात अधिक राहिली असावी, असा एक तर्क आहे.

याउलट केनियाचं उदाहरण मला आपल्या कामाचं वाटतं. अर्थशास्त्रज्ञ पास्कलीन द्युपा यांनी २००४ साली पश्चिम केनियातल्या ३२८ प्राथमिक शाळांमध्ये दोन गोष्टींची तुलना केली. एकीकडे संयमावर भर देणारा सरकारी अभ्यासक्रम, दुसरीकडे चाळीस मिनिटांचा एकच तास. त्या तासात मुलींना एवढंच दाखवलं की एचआयव्हीचं प्रमाण कोणत्या वयाच्या पुरुषांत किती आहे. पैसेवाल्या, वयानं मोठ्या पुरुषांत ते वर्गातल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त होतं. भेटवस्तू, फी, रिक्षाचं भाडं देणारा 'काका' सुरक्षित असतो या समजुतीला त्यानं धक्का दिला. वर्षभरात या शाळांतल्या मुलींचं गरोदर राहण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं. सरकारी अभ्यासक्रमाचा तसा परिणाम दिसला नाही. आठवीतल्या मुलींना नेमकी, आपल्या परिस्थितीला लागू पडणारी माहिती मिळाली आणि त्यांनी शहाणपणानं ती वापरली. त्याच भागात मुलींना नुसता गणवेश फुकट दिल्यानंही शाळागळती आणि गरोदरपण दोन्ही कमी झाल्याचं दिसून आलं आहे. शिकत राहण्याची शक्यता दिसली की मुलगी स्वतःला जपते.

इंग्लंडनं हे सरकारी पातळीवर करून दाखवलं. १९९९ साली तिथं किशोरवयीन गरोदरपणाबाबत दहा वर्षांचं धोरण आखलं गेलं. प्रत्येक भागात त्यासाठी जबाबदार अधिकारी, शाळेत शिक्षण, शाळेजवळ मुलांना बिनधास्त जाता येईल असा दवाखाना आणि आई झालेल्या मुलींना पुन्हा शिकायला मदत, हे सगळं एकत्र केलं. पहिली काही वर्षं आकडे फारसे हलले नाहीत. चिकाटी ठेवली. दोन दशकांत अठराखालच्या मुलींचं गरोदर राहण्याचं प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटलं. शिक्षण आणि दवाखाना जोडीनं आले तरच गुण येतो, हा धडा आपल्या धोरणांत नेहमी अर्धाच घेतला जातो.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही, उलट इथं त्याची सुरुवात धाडसी होती. १८६३ साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते फसवल्या गेलेल्या विधवांसाठी. बालविवाहाच्या त्या काळात विधवा म्हणजे पुष्कळदा पोरवयाचीच मुलगी असे. १८९१चा संमतिवयाचा कायदा झाला तो कलकत्त्याच्या फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर. वय दहावरून बारावर नेण्यासाठीही पुण्यात केवढं रण माजलं! परक्या सरकारनं आमच्या घरात लक्ष घालू नये, हा टिळकांचा मुद्दा होता. आगरकर आणि रानडे दुसऱ्या बाजूला उभे होते. १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनला मेरी स्टोप्स यांचा दवाखाना उघडला तेच हे वर्ष. १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला ते हरले. वाचकांच्या त्या शंका आज शाळेतल्या मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या तर त्यातही सापडतील, याबद्दल मला शंका नाही.

आपल्या संस्कृतीत हे बोललं जात नाही, असं सांगितलं जातं ते खरं नाही. मुलीला न्हाण आलं की मखरात बसवून, गावजेवणं घालून ते जाहीर करण्याची पद्धत कालपरवापर्यंत होती. जात्यावरच्या ओव्यांत आणि लावणीत देहाबद्दल कितीतरी मोकळेपणा आहे. सगळ्यांना सगळं माहीत असायचं. अंधारात ठेवलं जायचं ते फक्त त्या मुलीला.

तोच खेळ २००७ साली सरकारी पातळीवर झाला. केंद्रानं राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या साहाय्यानं किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांत आणला होता. त्यातल्या चित्रांवरून आणि शब्दांवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्रानं तो बंद केला. कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात यांनीही हात झटकले. २००९ साली राज्यसभेच्या याचिका समितीनं शाळेत असं शिक्षण नको, असाच सूर लावला. साहित्यात दोष होते हे मान्य. पण दुरुस्तीऐवजी विषयच बाजूला टाकला गेला. झारखंडनं त्याच सुमारास हा कार्यक्रम 'उडान' या नावानं राज्यभराच्या सरकारी शाळांत नेला आणि चालू ठेवला. आपल्यापेक्षा गरीब असलेल्या राज्याला जे जमलं, त्याची महाराष्ट्रानं दखलही घेतली नाही.

त्यानंतर २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. आयुष्मान भारतच्या शाळा आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेत दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून नेमायचे ठरले. कागदावर बरंच आहे. वर्गात मात्र दहावीच्या विज्ञानातलं प्रजननाचं प्रकरण 'घरी वाचून या' म्हणत उलटलं जातं, हे ज्याच्या घरात शाळकरी मूल आहे त्याला सांगायला नको. मुलांना प्रजनन संस्थेची आकृती काढून नावं देता येतात. मुलगा मागे लागला तर नाही कसं म्हणायचं, चुकून काही घडलं तर किती तासांच्या आत कोणती गोळी घ्यायची, पाळी चुकली तर कुणाकडं जायचं, मोबाइलवर जे दिसतं ते खऱ्या नात्यासारखं का नसतं, यातलं काही त्या प्रकरणात नाही. शिवाय दहावी उजाडेपर्यंत परभणीतल्या कितीतरी मुली वर्गात उरलेल्याच नसतात.

खरं काम झालं ते शाळेच्या बाहेर, आणि त्यातलं काही याच मातीत. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आहे आणि आधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. या कामातून आलेल्या जाणिवेनं राणीताईंनी 'तारुण्यभान' ही शिबिरं सुरू केली. मुलगे आणि मुली, दोघांशी त्या देह, नातं, जबाबदारी यांवर मराठीत, न लाजता बोलतात. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेनं १९९०च्या दशकाच्या शेवटी अविवाहित मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला, रोज संध्याकाळी तासभर. शिकवणाऱ्या बाया गावातल्याच होत्या. चार वर्षांत त्या गावांतलं लग्नाचं मध्यम वय सोळावरून सतरावर गेलं. एक वर्ष म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण पंधरा-सोळाच्या वयात मिळालेलं एक वर्ष मुलीच्या हाडांना, शिक्षणाला आणि आवाजाला किती बळ देतं! आणि हा परिणाम साधला तो पालकांना दमात घेऊन नव्हे, तर घरात बोलू शकणारी मुलगी तयार करून.

मुलांचं काय? सगळी चर्चा मुलीभोवती फिरते आणि मुलगा सुटतो. त्याला कंडोमबद्दल माहिती देणं म्हणजे मोकळीक देणं, असं वाटणाऱ्या घरांतच तो रात्री मोबाइलवर काय पाहतो याकडं दुर्लक्ष होतं. मुंबईत कोरो या संस्थेनं वस्त्यांमधल्या तरुणांबरोबर 'यारी दोस्ती' हा उपक्रम केला. पुढे कोरो, आयसीआरडब्ल्यू ही संशोधन संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी महापालिका शाळांतल्या सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी स्त्री-पुरुष समतेचा कार्यक्रम राबवला. मारहाण, छेडछाड, घरकाम यांबद्दल मुलांची मतं बदलताना तिथं दिसली. सहावी हे वय मला योग्य वाटतं. त्यानंतर शिकवणारे दुसरे असतात आणि ते शिक्षक नसतात.

आता कायदा. संमतीचं वय २०१२ पर्यंत सोळा होतं. पोक्सो कायद्यानं ते अठरा केलं. लहान मुलांवरच्या अत्याचारांसाठी हा कायदा हवाच होता. पण सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा यांच्या प्रेमालाही तोच लागतो. एन्फोल्ड या संस्थेनं महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० चे ७,०६४ निकाल तपासले. त्यातली १,७१५, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, अशीच प्रेमप्रकरणं होती. बहुतेक तक्रारी घरच्यांनी केलेल्या होत्या आणि बहुतेक मुलं सुटली, तुरुंग आणि कोर्टाच्या पायऱ्या भोगून. २०२३ साली विधी आयोगानं वय कमी करू नये, मात्र सोळा ते अठराच्या प्रकरणांत न्यायाधीशांना तारतम्य वापरू द्यावं, अशी शिफारस केली. मला ती किमान पायरी वाटते. वयातलं अंतर आणि जबरदस्ती आहे की नाही, हे पाहणारी तरतूद कायद्यातच हवी.

या सगळ्यात मुलगी दवाखान्यात उशिरा पोचते. पोक्सोच्या १९व्या कलमानुसार माहिती मिळालेल्या प्रत्येकानं पोलिसांना कळवलंच पाहिजे, डॉक्टरनंही. त्यामुळे मुलगी, तिची आई आणि कधी डॉक्टरही टाळाटाळ करतात. तोवर कुणीतरी दुकानातून गोळ्या आणून दिलेल्या असतात, रक्तस्राव होतो आणि तीन महिन्यांत सहज होणारा गर्भपात सहाव्या महिन्यात कोर्टाच्या दारात जातो. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या बदलानुसार अठराखालच्या मुलींना २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे, पालकाची संमती मात्र लागते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं एक मोलाची गोष्ट सांगितली. मुलीनं किंवा पालकांनी विनंती केली तर डॉक्टरला पोलिसांकडच्या माहितीत तिची ओळख देण्याची गरज नाही. हा निकाल प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीवर मराठीत लावण्यासारखा आहे.

लग्न झालेल्या मुलीचीही यातून सुटका नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अठराखालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच, असं ठरवलं. निकाल न्याय्य आहे. पण त्याची भीती अशी की सासरची माणसं नोंदणीच्या वेळी वय एकोणीस सांगतात किंवा नोंदणीच करत नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये आसाम सरकारनं बालविवाहांवरून हजारो जणांना अटक केली तेव्हा गरोदर मुली सरकारी दवाखान्यांपासून लांब राहू लागल्याच्या बातम्या आल्या. धाडीनं लग्न थांबत असेलही, पण आधीच पोटुशी असलेल्या मुलीला तपासणीला आणणारी वाट त्यानं बुजते. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे आणि १०९८ ही हेल्पलाइन आहे. लग्नाच्या आधी त्यांनी कडक राहावं. लग्नानंतर मुलीच्या दारात आधी पोचली पाहिजे ती आरोग्यसेवा.

राज्यातल्या सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' नावाचे दवाखाने आहेत. नाव चांगलं आहे. पण ज्या इमारतीच्या ओसरीवर ओळखीची चार माणसं केसपेपर घेऊन बसलेली असतात, तिथं सकाळच्या वेळी पंधरा वर्षांची मुलगी एकटी जाणार नाही. शाळा सुटल्यानंतरची वेळ आणि वेगळं दार एवढ्यानंही फरक पडेल.

आणि जी मुलगी आई झालीच आहे तिचं काय, हा प्रश्न आपण जवळजवळ विचारतच नाही. केनियानं १९९४ पासून आई झालेल्या मुलींना शाळेत परत घेण्याचं धोरण ठेवलं. टांझानियानं अशा मुलींवरची शाळाबंदी २०२१ साली उठवली. आपल्याकडं बंदी नाही आणि परत बोलावणंही नाही. दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. दुसरं मूल लांबवण्यासाठी सरकारी केंद्रांत 'अंतरा'चं इंजेक्शन आणि 'छाया'च्या गोळ्या मोफत मिळतात. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत आशाताई बाळाला पाहायला सहा-सात वेळा घरी येतात. ही पद्धत मुळात गडचिरोलीतूनच देशभर गेली. त्या भेटींत बाळाचं वजन होतं, ताप पाहिला जातो. आईच्या पुढच्या पाळणा-अंतराबद्दल आणि त्या फॉर्मबद्दल बोलायलाही त्याच भेटी पुरतील. त्यासाठी हे बोलणं आशाताईंच्या कामाच्या यादीत आलं पाहिजे आणि त्यांच्या मानधनातही.